गप्प बसलेले मूल कोण पाहणार?

चिचगडसारख्या दुर्गम भागात मुलांच्या मानसिक व वर्तन समस्या ओळखताना

वर्गात दंगा करणारे मूल शिक्षकांच्या नजरेत लगेच भरते. काचा फोडणाऱ्या, मारामारी करणाऱ्या मुलाची तक्रार मुख्याध्यापकांपर्यंत जाते, पालकांना बोलावणे धाडले जाते. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसणारे, विचारल्याशिवाय न बोलणारे, ताटातले अर्धे जेवण तसेच ठेवून उठणारे मूल मात्र कोणाच्याच तक्रारीचा विषय होत नाही. उलट 'शांत स्वभावाचे' म्हणून त्याला शाबासकी मिळते. मुलांच्या मानसिक आरोग्याच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती येथेच.

मोठ्या माणसाला 'मन लागत नाही', 'जीव घाबरतो' असे सांगता येते. मुलाजवळ त्यासाठी शब्द नसतात. त्याचे दुःख पोटदुखीच्या, चिडचिडीच्या, अंथरूण ओले होण्याच्या किंवा शाळेला दांडी मारण्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून मुलांच्या मानसिक समस्या ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे त्याला रोज पाहणारे माणूस. हे माणूस शहरात बहुधा आई किंवा वडील असतात. चिचगडच्या परिसरात ते कोण, हा प्रश्न साधा नाही.

चिचगडचे मूल

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे गाव जंगलाने वेढलेल्या पट्ट्यात वसले आहे. तालुक्याच्या पूर्वेला छत्तीसगड, तर दक्षिणेला गडचिरोली जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, त्यापूर्वी हा भाग भंडाऱ्यात होता. धानाची शेती, मोहफुले आणि तेंदूपत्ता यांवर येथील अनेक कुटुंबांचे वर्ष अवलंबून असते. नक्षलग्रस्त म्हणून हा परिसर दीर्घकाळ ओळखला गेला. त्यामुळे विकासाच्या सोयींबरोबर आरोग्याच्या सोयीही येथे उशिरा पोहोचल्या.

देवरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्याच्या कार्यक्षेत्रातील शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळांमध्ये आसपासच्या पाड्यांतील आणि टोल्यांतील मुले निवासी राहून शिकतात. सहा-सात वर्षांचे मूलही घर सोडून तेथे येते. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुटी वगळता त्याचा बहुतेक काळ शाळेतच जातो. रोवणीच्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात आई-वडिलांना भेटीला येणे जमत नाही. म्हणजे मुलाच्या वागण्यात सप्टेंबरात पडलेला फरक आईच्या ध्यानात येईपर्यंत दिवाळी उजाडते. मधल्या काळात त्याच्याकडे पाहणारे डोळे असतात ते अधीक्षक-अधीक्षिका, वर्गशिक्षक, स्वयंपाकी, कामाठी आणि शेजारच्या खाटेवर झोपणारा मित्र यांचे. या सर्वांना काय पाहायचे हे ठाऊक असणे, हाच या भागातील मुलांसाठी उपचाराचा पहिला टप्पा आहे.

प्रश्न किती मोठा?

बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता. त्या पाहणीत १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. हे प्रमाण धरले, तर किशोरवयीन ४० मुलांच्या वर्गात सरासरी तीन मुले निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १० ते १९ वयोगटातील साधारण सातांपैकी एका मुलाला अशी समस्या असते.

या विषयातील कामाला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली मुंबईत सुरू झाले. आज 'टाटा सामाजिक विज्ञान संस्था' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणसंस्थेने ते सुरू केले होते. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ'ने मानसिक आरोग्याचा विषय मराठी घरांत पोहोचविला. २००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने अध्ययन अक्षमतेची ओळख सर्वसामान्य पालकांना करून दिली. तथापि मुंबई-ठाण्यातील ही जाण जिल्ह्याच्या शेवटच्या टोकापर्यंत झिरपण्यास फार वेळ लागला.

खोडी आणि विकार यांतील सीमारेषा

प्रत्येक खोडकर मूल अतिचंचल नसते आणि प्रत्येक रडणारे मूल नैराश्यग्रस्त नसते. हट्ट, रुसवा, भीती, भांडण हे बालपणाचेच भाग आहेत. मग काळजी केव्हा करावी? त्यासाठी चार प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न बदलाचा. मूल पूर्वी कसे होते आणि आता कसे आहे? मुळातच अबोल असलेल्या मुलाचे न बोलणे आणि बडबड्या मुलाचे एकाएकी गप्प होणे यांत मोठा फरक आहे. दुसरा प्रश्न कालावधीचा. परीक्षेच्या आदल्या दिवशीची चिडचिड दोन दिवसांत ओसरते. उदासी किंवा चिडचिड बहुतेक दिवस, सलग दोन आठवडे टिकली, तर ती नैराश्याची खूण असू शकते. तिसरा प्रश्न ठिकाणाचा. मूल फक्त गणिताच्या तासाला अस्वस्थ होते की वर्गात, मैदानावर, जेवणाच्या पंगतीत, घरी, सर्वत्र? अतिचंचलतेचे निदान करताना डॉक्टर ही लक्षणे किमान सहा महिने, एकाहून अधिक ठिकाणी आणि बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसतात का, हे पाहतात. चौथा प्रश्न नुकसानीचा. या वागण्यामुळे मुलाची झोप, भूक, अभ्यास, खेळ आणि मैत्री यांपैकी काय काय बिघडले?

चारही उत्तरे चिंतेची असतील, तर 'मोठे झाल्यावर सुधारेल' म्हणून थांबणे योग्य नाही.

वयानुसार खुणा

पाच वर्षांपर्यंत : या वयात विकासाचे टप्पे पाहावे लागतात. बाळ तीन महिन्यांच्या सुमारास ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसते. वर्षाच्या आसपास नावाने हाक मारल्यावर वळते, हवी ती वस्तू बोटाने दाखविते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलू लागते. हे टप्पे बरेच लांबले, मूल नजरेला नजर देत नसेल, इतर मुलांत रमत नसेल, तीच ती हालचाल तासन् तास करीत असेल किंवा आधी येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर स्वमग्नता किंवा बौद्धिक विकासातील विलंबाच्या दृष्टीने तपासणी हवी. आलेले बोलणे नाहीसे होणे ही खूण कधीही दुर्लक्षू नये. अंगणवाडी सेविका या वयातील मुलाला जवळून पाहते, तिच्या शंकेला म्हणूनच महत्त्व द्यावे.

सहा ते अकरा वर्षे : शाळा सुरू झाली की अनेक समस्या उघड होतात. तोंडी उत्तरे फटाफट देणारे मूल वाचताना अडखळते, अक्षरे उलटी काढते, फळ्यावरचे उतरविताना मागे पडते. त्याला 'आळशी' ठरविण्यापूर्वी अध्ययन अक्षमतेचा विचार करावा. शाळेच्या वेळी पोट किंवा डोके दुखणे आणि सुटीच्या दिवशी ते थांबणे, हे बहुतेकदा ढोंग नसते. मनातील चिंतेने दुखणे खरोखरच जाणवते. रात्री दचकून उठणे, एकट्याने शौचाला जाण्यास घाबरणे, आईवेगळे न राहणे, नखे कुरतडणे, वस्तू चोरणे, प्राण्यांना इजा करणे याही नोंद घेण्याजोग्या बाबी आहेत.

बारा ते अठरा वर्षे : या वयातील नैराश्य रडण्यातून कमी आणि रागातून अधिक दिसते. झोपेची वेळ उलटीपालटी होणे, आवडता खेळ सोडणे, मित्र टाळणे, गुण एकदम घसरणे, 'मी काही कामाचा नाही' असे वारंवार म्हणणे, जेवण फार कमी किंवा फार जास्त होणे, हातावर ब्लेडच्या खुणा दिसणे ही गंभीर लक्षणे आहेत. पूर्व विदर्भात आणखी एक बाब पाहावी लागते, ती म्हणजे खर्रा. सुपारी व तंबाखूचे हे मिश्रण मोठ्यांच्या हातून मुलांच्या हाती सहज येते. व्यसन ही स्वतंत्र समस्या असतेच, पण कधी कधी ते अस्वस्थ मनाने शोधलेले औषधही असते. आपल्याविरुद्ध कोणी कट करीत आहे असे वाटणे, आसपास कोणी नसताना आवाज ऐकू येणे, अशी लक्षणे दिसल्यास विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे.

भाषेचे कोडे

चिचगड परिसरात एक सावधगिरी विशेषत्वाने बाळगावी लागते. येथील अनेक घरांत गोंडी, छत्तीसगडी किंवा झाडीबोली बोलली जाते. शाळेत मात्र प्रमाण मराठी कानावर पडते. घरी गोंडीत गोष्टी सांगणारी मुलगी पहिलीच्या वर्गात महिनाभर तोंड उघडत नाही, तेव्हा ती 'मतिमंद' नसते, आजारीही नसते. ती एक नवी भाषा ऐकत असते.

याउलट काही मुले घरी मोकळेपणाने बोलतात, परंतु शाळेची भाषा चांगली येत असूनही तेथे एक शब्द बोलत नाहीत. हा चिंतेशी संबंधित विकार आहे. त्याचे निदान करताना शाळेचा पहिला महिना हिशेबात धरत नाहीत आणि भाषा येत नसल्यामुळे मूल गप्प आहे का, याची खात्री आधी करून घेतात. दोहोंतील फरक ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे मुलाला त्याच्या भाषेत बोलणाऱ्या मोठ्या मुलाजवळ किंवा कर्मचाऱ्याजवळ बसवून पाहणे. तेथे ते खुलले, हसले, खेळले, तर शिक्षकाने बोली शिकावी आणि मुलाला वेळ द्यावा. तेथेही ते मिटलेलेच राहिले, तर पुढील तपासणी करावी. बुद्धिमत्तेची चाचणी मुलाला न समजणाऱ्या भाषेत घेऊन काढलेला निष्कर्ष त्याच्यावर आयुष्यभराचा शिक्का मारू शकतो, हे विसरता येणार नाही.

वसतिगृहातील रात्र

घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला पहिले काही आठवडे घरची आठवण येणे स्वाभाविक आहे. समजा, पाचवीतली एक मुलगी जून-जुलैत रडली, ऑगस्टमध्ये रुळली, खेळू लागली. दिवाळीची सुटी संपवून परतल्यावर मात्र ती जेवेनाशी झाली, रात्री अंथरूण ओले करू लागली, एका विशिष्ट व्यक्तीला पाहताच आडोशाला जाऊ लागली. येथे 'घरची आठवण' हे उत्तर पुरेसे नाही. पाच वर्षांनंतरही अंथरूण ओले होणे अनेक मुलांत आढळते आणि कित्येकदा ते आनुवंशिक असते. परंतु सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मनावरील आघात यांपैकी काय कारण आहे ते शोधावे लागते.

एकाएकी आलेली भीती, वयाला न शोभणारे लैंगिक बोलणे, आंघोळीस किंवा कपडे बदलण्यास नकार, शाळेतून पळून जाण्याचे प्रयत्न यांमागे लैंगिक अत्याचार असू शकतो. अशी शंका आल्यास मुलाची वारंवार उलटतपासणी करू नये. त्याचे एकदा शांतपणे ऐकावे, 'तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझा दोष नाही,' एवढे त्याला सांगावे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या 'पोक्सो' कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण दडपणारा स्वतः गुन्हेगार ठरतो. बालकांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही त्यासाठी उपलब्ध आहे.

अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला सर्वांसमोर गादी उन्हात टाकायला लावणे, पळून गेलेल्या मुलाला रांगेत उभे करून मारणे हे प्रकार सुधारणा घडवीत नाहीत. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना २००९ सालीच मनाई केली आहे.

शरीर आधी तपासा

मुलाच्या वागण्याचे कारण मनातच असते असे नाही. हा मुद्दा चिचगडसारख्या भागात अधिक लागू पडतो. वर्गात लक्ष न देणाऱ्या मुलाचा कान वर्षानुवर्षे वाहत असेल, तर त्याला मुळात ऐकूच कमी येते. फळ्याकडे न पाहणाऱ्या मुलाला चष्म्याची गरज असू शकते. रक्तक्षयाने थकलेली मुलगी 'आळशी' दिसते. काही क्षण शून्यात पाहत राहणारे, हाक मारूनही भानावर न येणारे मूल दिवास्वप्ने पाहत नसून त्याला मिरगीचा एक सौम्य प्रकार असू शकतो. तीव्र मेंदूज्वर किंवा मेंदूपर्यंत पोहोचलेला मलेरिया यांतून उठलेल्या मुलाच्या स्वभावात आणि स्मरणात पुढे फरक पडू शकतो.

पूर्व विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात हाडे आणि सांधे यांत असह्य वेदनांचे झटके येतात. झटका ओसरल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे खेळायला नकार देणारे, चिडणारे, एकटे बसणारे मूल कामचुकार ठरते. शिवाय पुन्हा दुखेल या भीतीने त्याचे मनही खचते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. त्याअंतर्गत होणारी रक्ततपासणी प्रत्येक मुलाने करून घ्यावी. म्हणूनच मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी कान, डोळे, रक्त आणि फिट यांची तपासणी जवळच्या रुग्णालयात करावी, हा क्रम सोयीचा ठरतो.

बाहेरची बाधा?

मुलाचे वागणे एकाएकी बदलले की अनेक कुटुंबे प्रथम गावातील पुजारी किंवा मांत्रिकाकडे जातात. त्यांना हिणवून काही साधत नाही. तो माणूस त्यांच्या भाषेत बोलतो, त्यांच्या दारी येतो, रात्री-अपरात्री भेटतो. रुग्णालयाकडून त्यांना हीच अपेक्षा असते. अंगारा लावणे आणि औषध घेणे दोन्ही एकाच वेळी होऊ शकते, एवढे आशा सेविकेने पटवून दिले तरी वेळ वाचतो. मात्र भूत उतरविण्याच्या नावाखाली मुलाला बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

जीव देण्याची भाषा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते, जे राज्यांमध्ये सर्वाधिक आहे. 'मी नसलो तरी काय फरक पडतो' असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोपाची भाषा, दीर्घ उदासीनंतर अचानक आलेली शांतता ही धोक्याची चिन्हे आहेत. असे मूल 'धमकी देते' म्हणून सोडून देऊ नये.

'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?' असे सरळ विचारल्याने ते विचार मुलाच्या डोक्यात भरतात, हा समज चुकीचा आहे. उलट कोणीतरी विचारले, यानेच मुलाला सुटका वाटते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. शेतकरी घरांत धानावर फवारायची औषधे आणि शहरी घरांत गोळ्यांच्या पाकिटांची पेटी कुलपात ठेवावी. त्वरित मदतीसाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ असे मानतो की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असते. तिला शिक्षेची नव्हे, उपचाराची गरज असते. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नयेत.

कोठे जावे?

मदतीची साखळी गावापासूनच सुरू होते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. जन्मतः असलेल्या व्यंगांपासून विकासातील विलंबापर्यंत ३० आरोग्यस्थिती त्यांना तपासायच्या असतात. त्यांत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलता यांचाही समावेश आहे. पथक शाळेत येणार त्या दिवशी शंका असलेल्या मुलांची यादी शिक्षकांनी तयार ठेवली, तर घाईत होणाऱ्या तपासणीतही ती मुले सुटणार नाहीत.

पुढचा टप्पा ग्रामीण रुग्णालयाचा आणि त्यानंतर गोंदियाचा. तेथे २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्हा पातळीवरील मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारे समुपदेशन आणि औषधे मिळू शकतात. राज्यात ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये असून विदर्भासाठी नागपूरचे रुग्णालय आहे. मात्र मुलांच्या बहुसंख्य समस्यांसाठी तेथे दाखल होण्याची वेळच येत नाही. समुपदेशन, पालकांचे मार्गदर्शन आणि शाळेतील थोडा बदल यांनीच बरेच काही साधते.

प्रवासाचे भाडे आणि बुडणारी मजुरी हे या कुटुंबांपुढील खरे अडथळे आहेत. त्यावर काही अंशी उपाय म्हणजे १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची सेवा. १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून समुपदेशकाशी बोलता येते. पालकच नव्हे, शिक्षक आणि अधीक्षकही मुलाच्या वागण्याबाबत येथे सल्ला घेऊ शकतात.

दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात समाविष्ट असलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार यांचा अंतर्भाव आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. शहरातील पालक या सवलतींसाठी धावपळ करतात, तर दुर्गम भागातील मूल नापास होऊन शाळा सोडते. दोघांची अडचण एकच असू शकते.

एक वही पुरेशी

डॉक्टरांसमोर गेल्यावर पालकांना किंवा शिक्षकांना नेमके काय सांगावे हे सुचत नाही. 'फार त्रास देतो' या वाक्यातून निदान होत नाही. त्यासाठी एक साधी वही ठेवावी. काय घडले, केव्हा घडले, त्याच्या आधी काय झाले होते, किती वेळ टिकले, त्यानंतर मोठ्यांनी काय केले, एवढ्या पाच गोष्टी तारखेसह लिहाव्यात. झोप आणि जेवण यांचीही नोंद असावी. वहीत 'हट्टी', 'वेडा', 'मठ्ठ' असे शेरे नकोत. 'तीन दिवस रात्रीचे जेवण घेतले नाही' असे डोळ्यांनी दिसलेले लिहावे. ही वही चारचौघांत फिरू नये. मुलाच्या मनाची गोष्ट शिक्षककक्षातील गप्पांचा विषय झाली, तर ते पुन्हा कोणापाशी बोलणार नाही.

आश्रमशाळेत अशी वही एका कर्मचाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते आणि दिवाळीला मूल घरी जाताना पालकांना त्यातील गोष्टी शब्दांत सांगता येतात. पालकांनीही सुटीत घरी जे पाहिले ते शाळा उघडताना परत सांगावे. असे झाले, तर मुलाला पाहणाऱ्या डोळ्यांची साखळी तुटत नाही.

शहरातील वाचकाला चिचगड दूरचे वाटेल. परंतु आई-वडील रात्री आठला घरी परतणाऱ्या, मूल पाळणाघर, शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत विभागलेल्या सदनिकेतही प्रश्न तोच आहे. तेथेही मुलाला दिवसभर अनेकजण पाहतात, मात्र त्यांनी पाहिलेले एकत्र जुळवून कोणी बघत नाही. मुलाने आज किती गुण मिळविले, हे रोज विचारले जाते. ते आज कोणाशी बोलले, किती जेवले आणि रात्री झोपले का, हे विचारणारा एक माणूस प्रत्येक मुलाच्या वाट्याला यायला हवा, मग ते चिचगडचे असो की मुंबईचे.